मे महिन्यातलं ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्डाची परीक्षा जगात कुठेही होवो, तिची खोली साधारण एकसारखी असते. वातानुकूलित, २१ ते २५ अंशांवर धरलेली, धूळ नाही, विजेचा दाब स्थिर. कार्ड उघड्या टेबलावर मांडलेलं असतं किंवा पुढून-मागून हवा खेळेल अशा ऐसपैस कॅबिनेटमध्ये बसवलेलं. तिथे अर्धा तास गेम चालवून तापमान ६५ अंश भरलं की परीक्षक तो आकडा छापतो. वणी, पुसद किंवा पांढरकवड्याचा मुलगा तो वाचतो आणि बापाकडून नाहीतर बँकेकडून दीड-दोन लाख घेऊन कार्ड मागवतो. त्या मुलाच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४० अंश असतात. परीक्षकाचा आकडा खोटा नसतो, पण तो या खोलीचा नसतो.

पुढची पानं या मुलासाठी लिहिली आहेत. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: उत्पादक कंपनीने स्वतःची थंड करण्याची व्यवस्था बसवलेलं महागडं ग्राफिक्स कार्ड यवतमाळ जिल्ह्यातल्या घरात पारखायचं कसं? कुठलं कार्ड सर्वांत वेगवान हे सांगणारे शेकडो जण आहेत. त्यांच्यात भर घालण्याची हौस मला नाही.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. चिपची रचना करते एनव्हिडिया किंवा एएमडी. एनव्हिडियाच्या या कामातला काही भाग पुण्यातल्या तिच्या कार्यालयातही होतो, ही आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट. चिप घडते तैवानमध्ये, टीएसएमसीच्या कारखान्यात. एनव्हिडिया ‘फाउंडर्स एडिशन’ नावाने स्वतःचंही कार्ड काढते, पण दुकानात दिसतात ती बहुतेक असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक यांची. एएमडीच्या बाजूला सफायर वगैरे. या कंपन्या तीच चिप विकत घेतात, स्वतःच्या सर्किट बोर्डावर बसवतात आणि वर आपापला हीटसिंक आणि पंखे चढवतात. चिप तीच असते. फरक पडतो हीटसिंकच्या आकारात, पंख्यांच्या दर्जात, वीज पुरवणाऱ्या भागात, कारखान्यातच थोड्या वाढवून दिलेल्या वेगात, रंगीत दिव्यांत आणि किमतीत. दिव्यांचा तापमानावर परिणाम शून्य. किमतीवर मात्र नक्की होतो.

आरटीएक्स ४०९० हे कार्ड १२ ऑक्टोबर २०२२ ला बाजारात आलं तेव्हा भारतातली त्याची सुरुवातीची किंमत १,५५,००० रुपये होती. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,३८० रुपये होता. म्हणजे एका कार्डाला २४ क्विंटल कापूस. जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आलं २,१४,००० रुपयांना. ७,५२१ च्या हमीभावाने साडेअठ्ठावीस क्विंटल. आणि हे सुरुवातीचे भाव. मोठ्या हीटसिंकच्या नामांकित कार्डांचे भाव इथून वर चढत जातात. कोरडवाहू शेती असलेल्या घरात हा हिशेब कुणी ना कुणी बोलून दाखवतोच, म्हणून तो सुरुवातीलाच मांडून टाकला.

आता थंड करण्याच्या या व्यवस्थेवर जास्तीचे पैसे का द्यायचे, हा प्रश्न. त्याचं उत्तर काळानुसार बदललं आहे आणि हे बदलणं लक्षात न घेतल्यामुळे आजही पुष्कळ पैसा वाया जातो.

१९९९ सालचं जीफोर्स २५६ एका छोट्या पंख्यावर भागायचं. २००३ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राने इतका आवाज केला की लोक त्याला पाला उडवणारं यंत्र म्हणू लागले; शेवटी कंपनीनेच स्वतःची टिंगल करणारी एक चित्रफीत काढली. पण खरा धडा मिळाला तो २०१३ च्या ऑक्टोबरात. एएमडीचं रेडिऑन आर९ २९०एक्स आलं. कंपनीने बसवलेला एकच पंखा, आणि चिप ९५ अंशांपर्यंत चढू द्यायची असं धोरण. पहिली काही मिनिटं कार्ड जोरात पळायचं, मग तापून स्वतःच वेग कमी करायचं. १००० मेगाहर्ट्झचा आकडा खोक्यावर राहायचा. दोन-अडीच महिन्यांत सफायरसारख्या कंपन्यांनी तीच चिप तीन पंख्यांच्या हीटसिंकखाली बसवली. तापमान वीसेक अंशांनी उतरलं, वेग टिकला, आवाज घटला. स्वतंत्र थंडाव्याला जास्त पैसे मोजणं शहाणपणाचं आहे, हा समज गेमखेळ्यांच्या मनात पक्का झाला तो या काळात.

त्यानंतर परिस्थिती उलटली. २०२० पासून एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डांवरचे हीटसिंकही उत्तम झाले. आज त्याच चिपच्या साध्या आणि राजेशाही कार्डांच्या वेगात सहसा दोन-तीन टक्क्यांचाच फरक निघतो. तेवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. उरतो तो दोन गोष्टींत: आवाज किती कमी, आणि तापमानाची मर्यादा गाठायला किती अंतर शिल्लक. युरोपातला गिऱ्हाईक पहिल्यासाठी पैसे मोजतो. आपल्याला विचार करायचा आहे तो दुसऱ्याचा.

कारण विजेची भूक वाढतच चालली आहे. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय २५० वॅट खायचं. २०२० चं आरटीएक्स ३०९० गेलं ३५० वर, ४०९० पोचलं ४५० वर, ५०९० तर ५७५ वर. आणि कार्डाने खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. कितीही महाग हीटसिंक बसवला तरी ही उष्णता कमी होत नाही. ती चिपवरून उचलून खोलीत टाकली जाते, इतकंच.

ती उचलायची रीत मात्र सुंदर आहे. तांब्याच्या बंद नळीत थोडंसं पाणी, आत हवेचा दाब अगदी कमी. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून परत येतं. थंड टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या, पात्यांमधून पंख्याची हवा. महागड्या कार्डात चिपवर अशीच एक चपटी पोकळ पेटी असते, तिला व्हेपर चेंबर म्हणतात. विदर्भातल्या घराच्या खिडकीला लावलेला कूलरही वाळ्याच्या ताट्यांवर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. पाणी वाफ होताना पुष्कळ उष्णता पोटात घेतं, या एकाच गुणावर दोघांचा संसार चालतो. फरक असा की कार्डातली वाफ नळीत कोंडलेली असते आणि कूलरची खोलीभर पसरते. या दुसऱ्या वाफेकडे पुढे यायचंच आहे.

या पुस्तिकेत तापमान एकट्याने कुठेही दिलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी खोलीच्या तापमानापेक्षा कार्ड किती अंश वर गेलं, तो फरक दिला आहे. वीज तेवढीच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर हा फरक जवळपास कायम राहतो. परीक्षकाच्या २२ अंशांच्या खोलीत ६५ भरलेलं कार्ड खोलीपेक्षा ४३ अंश वर होतं. तेच कार्ड तेवढ्याच पंख्यावर ४० अंशांच्या खोलीत ८३ ला जाईल. प्रत्यक्षात ते ८३ दाखवणार नाही, कारण आतलं सॉफ्टवेअर पंखे वाढवेल आणि वेग थोडाथोडा उतरवेल. ४०९० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. तिथवर कार्ड जळत नाही, जळू दिलंही जात नाही. पण बंद कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा आणखी पाच-दहा अंश तापलेली असते, आणि कार्ड खोलीतली हवा घेत नाही, कॅबिनेटमधली घेतं. यवतमाळ शहर पठारावर आहे, तरी नवतप्यात पारा ४४-४५ पर्यंत चढतो; खाली वणीकडे, चंद्रपूरच्या अंगाला, उन्हाची धग आणखी वेगळी. हे सगळं जमेस धरलं की तीन पंख्यांच्या, दोन-अडीच किलोच्या कार्डावरच्या हीटसिंकचा अर्थ कळतो. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत तो मिरवण्यापुरता आहे. इथे तो कामाला लागतो.

पण आवाजाचं काय? शांतपणा हाच महाग कार्डाचा मुख्य माल म्हणून विकला जातो. परीक्षक डेसिबल मोजतात, दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो हे समजावून सांगतात, आणि ३२ डेसिबलचं कार्ड ३८ च्या कार्डापेक्षा श्रेष्ठ ठरवतात. आता आपली खोली पाहा. मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत खिडकीत कूलर चालू, डोक्यावर छताचा पंखा. त्या घरघरीत कार्डाचा आवाज शोधूनही सापडत नाही. कूलर बंद होतो तो पावसाळ्यात नाहीतर थंडीत. डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरलेला असतो, तेव्हा साधं कार्डही मुकाट असतं. म्हणजे ज्या दिवसांत शांतता हवी त्या दिवसांत ती फुकट मिळते, आणि ज्या दिवसांत विकत घेतलेली असते त्या दिवसांत ती ऐकू येत नाही. एवढ्यावरून महाग कार्डांच्या जास्तीच्या किमतीतला मोठा भाग यवतमाळच्या गिऱ्हाइकाने सरळ कापून टाकावा, असं माझं मत आहे.

कूलरचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू, कारण परदेशी परीक्षणांत तो कुठेच सापडणार नाही. एप्रिल-मेची कोरडी हवा म्हणजे कूलरचं राज्य. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ताट्या चांगल्या असलेला कूलर २६-२७ अंशांची हवा देतो. खोलीचं सरासरी तापमान त्याहून वर राहतं, तरी कार्डाला दहा-बारा अंशांची सूट मिळते. एकही पैसा न देता मिळालेला हा थंडावा कुठल्याही महागड्या हीटसिंकपेक्षा मोठा आहे. पण मृग लागायच्या सुमारास हवा दमट झाली की तोच कूलर नुसता पंखा होतो, आणि कार्डाची खरी कसोटी तेव्हा लागते. मे महिन्याच्या मध्यावर निर्धास्त असलेला माणूस जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘गेम अडकतोय’ म्हणून तक्रार करतो, त्याचं कारण हे.

दमट हवेने कार्डावर पाणी जमेल का, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. जमणार नाही. दव थंड वस्तूवर पडतं. कार्ड हवेपेक्षा गरम असतं. धोका दुसराच आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कूलरच्या ताटीवर काही आठवड्यांत पांढरा थर चढतो, तो त्यातल्या क्षारांचा. ताटी फाटकी असली किंवा पाणी जास्त सोडलं की बारीक तुषार हवेबरोबर आत येतात, सुकतात आणि क्षार मागे ठेवतात. त्यात ओलसर धूळ पात्यांना चिकटून बसते. म्हणून कॅबिनेट कूलरच्या झोताच्या थेट समोर ठेवू नये. झोताच्या बाजूला ठेवावं आणि त्याची पाठ हवा बाहेर जाते त्या दाराकडे किंवा खिडकीकडे करावी. खोलीची सगळी दारं-खिडक्या बंद करून कूलर लावणाऱ्याला तर कुठलंच कार्ड वाचवू शकत नाही.

धुळीबद्दल लिहावं तेवढं थोडं. दिवाळीनंतर कापूस निघू लागला की जिनिंगच्या आसपासच्या वस्त्यांत रुईचे तंतू हवेत असतात, आणि वणी भागात कोळशाची बारीक काळी पूड. मोठ्या हीटसिंकच्या पात्या दाट असतात. स्वच्छ हवेत तो त्यांचा गुण, तंतूंच्या हवेत तोच दोष. तंतू पात्यांवर अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते, आणि पंख्यामागे एक चादर तयार होते. ती बाहेरून दिसत नाही. तापमानाचा फरक मात्र महिन्यामहिन्याला वाढत जातो; नोंद ठेवणाऱ्याला तो दिसतो, बाकीचे कंपनीला शिव्या देतात. साफ करताना ब्लोअर मारायचा तर कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत. हवेने ते भन्नाट फिरू दिले तर बेअरिंग खराब होतं. आणि कार्ड विकत घेतानाच पंख्यांचं आवरण सहज निघतं का ते पाहावं. काही कार्डांत पंखा काढायला दोन स्क्रू पुरतात, काहींत अख्खा हीटसिंक उतरवावा लागतो आणि थर्मल पेस्ट, पॅड सगळं नव्याने लावावं लागतं. कुठल्याही परीक्षणात या गोष्टीला गुण नसतात. मी सर्वांत जास्त गुण तिलाच दिले आहेत.

विजेचं प्रकरण पुस्तिकेत वेगळं आहे, म्हणून इथे थोडक्यात. ४०९० असलेला संगणक खेळताना भिंतीतून सुमारे ६५० वॅट ओढतो असं धरलं तर रोजच्या तीन तासांचे महिन्याला जवळपास ६० युनिट होतात. महावितरणच्या बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. कूलर चालू असलेल्या महिन्यात हे ६० युनिट घराला पुढच्या टप्प्यात ढकलू शकतात. घरातला साधा चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर या संगणकाला लावू नये. अर्थिंग तपासून घ्यावं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर कार्डाचा विचार नंतर, आधी वायरमनला बोलवा. राहिला या कार्डांना वीज देणारा नवा वीजजोड. २०२२ च्या ऑक्टोबरात काही ४०९० कार्डांचे हे जोड वितळल्याच्या बातम्या आल्या. जोड पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं, आणि पुढच्या वर्षी त्याच्या रचनेत सुधारणा झाली. तो शेवटपर्यंत दाबून बसवला आहे आणि बसवल्यावर लगेच वाकवलेला नाही, हे डोळ्यांनी बघा. तयार संगणक नागपूरहून किंवा पुण्याहून मागवणार असाल तर कार्ड वेगळं काढून पाठवायला सांगा. अडीच किलोचं वजन एका खाचेवर लोंबकळत येणार, आणि आपले रस्ते सगळ्यांना माहीत आहेत.

वेग कसा मोजायचा याबद्दल एकच गोष्ट सांगतो. सेकंदाला सरासरी किती फ्रेम, हा आकडा फसवा आहे. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या अमेरिकी परीक्षकाने एकेक फ्रेम यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायला सुरुवात केली आणि परीक्षणाची पद्धतच बदलली. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद. त्यातली एखादी ५० ला आली तर सरासरी ढळत नाही, पण हाताला झटका जाणवतो. तापलेलं कार्ड नेमकं इथे उघडं पडतं. म्हणून चाचणी एका मिनिटाची नको. ४० मिनिटं खेळून कॅबिनेट आतून पूर्ण तापल्यावर मोजा. त्यासाठी लागणारी एचडब्ल्यूइन्फो, जीपीयू-झेड, एमएसआय आफ्टरबर्नर ही साधनं फुकट आहेत. बाजारातून एक साधा तापमापक मात्र आणा आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा. त्याच्याशिवाय बाकीचे सगळे आकडे निरर्थक आहेत.

आफ्टरबर्नरमधली एक पट्टी खास आपल्यासाठी आहे. तिने कार्डाची विजेची कमाल मर्यादा खाली आणता येते. ४०९० ची मर्यादा ७० टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३१५ वॅटवर आणली तरी बहुतेक गेममध्ये वेग पाच टक्क्यांच्या आसपासच घटतो, असं अनेकांच्या चाचण्यांतून दिसलं आहे. १३५ वॅटची उष्णता खोलीत कमी आणि बिलातही फरक. नवतप्यात ही पट्टी खाली ओढणं हा सर्वांत स्वस्त थंडावा. जो माणूस कारखान्यातून वेग वाढवून दिलेलं कार्ड जास्त पैसे देऊन आणतो आणि मे महिन्यात तो वेग स्वतःच्या हाताने कमी करतो, त्याने नेमकं काय विकत घेतलं हे त्याचं त्याने ठरवावं.

आणखी एक कटू गोष्ट. अनेकांच्या टेबलावर १०८० पिक्सेलचा मॉनिटर असतो. त्यावर ४०९० जोडलं तर बऱ्याच गेममध्ये ते प्रोसेसरची वाट बघत बसतं. सायबरपंक २०७७ सगळे प्रकाशपरिणाम लावून ४के पडद्यावर खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ खेळायला या कार्डाच्या पाव किमतीचंही पुरतं, आणि तो देखणा आहे. यवतमाळ-पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं हे कार्ड अभ्यासासाठीही वापरणार असतील तर चित्र बदलतं. थ्रीडीचं काम किंवा यंत्रशिक्षण यांना कार्डावरची मेमरी लागते. अशांनी हीटसिंकच्या नावापेक्षा मेमरीचे गिगाबाइट बघावेत.

निकाल लपवून ठेवून पुढची पानं वाचायला लावणं मला बरं वाटत नाही, म्हणून तो इथेच देतो. त्याच चिपच्या सर्वांत साध्या कार्डापेक्षा आठ-दहा टक्के जास्त देऊन मोठा हीटसिंक आणि सहज निघणारे पंखे मिळत असतील, तर यवतमाळ जिल्ह्यात ते घ्यावं. वीस-पंचवीस टक्के जास्त मागणारं घेऊ नये. त्या पैशांत जाळीचं कॅबिनेट, चांगला एसएमपीएस, शुद्ध लहरींचा यूपीएस आणि अर्थिंग होतं. आणि दारं लावून खेळायची सवय असेल तर कुठलंच घेऊ नये.

वाचकांना एक विनंती. आपले आकडे कळवताना महिना, वेळ, खोलीचं तापमान आणि कूलर चालू होता की बंद, या चार गोष्टी सोबत लिहा. झरी जामणी, मारेगाव, महागाव आणि उमरखेड या तालुक्यांतून नोंदी फार कमी आल्या आहेत. त्या पुढच्या आवृत्तीसाठी हव्या आहेत.